कार्याधिष्ठित इंग्रजी अध्यापन आणि विद्यार्थ्यांची अभिवृत्ती : एक ऐतिहासिक विवेचन

परकी भाषा बोलावयास शिकविण्याच्या ज्या पद्धती गेल्या अर्धशतकात प्रचारात आल्या त्यांत कार्याधिष्ठित पद्धतीइतकी मान्यता क्वचितच दुसरीला लाभली असेल. 'टास्क' ह्या इंग्रजी संज्ञेसाठी प्रस्तुत निबंधात 'कार्य' हा शब्द योजिला आहे. भाषेचा एखादा नियम किंवा वाक्यप्रकार पुढे न ठेवता विद्यार्थ्यांपुढे एखादे काम ठेवावयाचे. ते पुरे करताना अर्थाकडे लक्ष वेधलेले असावे आणि भाषा अनुषंगाने अंगी बाणावी, हे ह्या पद्धतीचे बीजसूत्र होय. नकाशा पाहून वाट सांगणे, रेल्वेच्या वेळापत्रकावरून सोयीची गाडी निवडणे, ठराविक पैशांत खरेदीची यादी करणे ही अशा कार्यांची सामान्य उदाहरणे आहेत.

ही पद्धती आज मुख्यत्वे इंग्रजी संभाषणाच्या वर्गांत वापरली जाते आणि तिच्याविषयी विद्यार्थ्यांची अभिवृत्ती काय आहे हे जाणून घेण्यासाठी आशियातील अनेक विद्यापीठांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. त्यांचे निष्कर्ष पुष्कळदा अनुकूल असतात. तथापि ज्या वर्गांतून हे अनुकूल मत नोंदविले जाते त्याच वर्गांतून विद्यार्थी इंग्रजी बोलण्यास कचरतात, परस्परांशी मातृभाषेत बोलून काम उरकतात आणि व्याकरण केव्हा शिकविणार असे शिक्षकास विचारतात, असाही अनुभव वारंवार नोंदविला गेला आहे. ह्या विसंगतीचा उलगडा पद्धतीच्या इतिहासात बऱ्याच अंशी सापडतो. कार्याधिष्ठित पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग दक्षिण हिंदुस्थानातील शाळांत झाला, आणि त्या प्रयोगात विद्यार्थ्याने बोललेच पाहिजे अशी अट नव्हती. पुढे तीच कल्पना संभाषणाच्या वर्गात आली तेव्हा बोलणे हेच कार्य ठरले. ह्या स्थित्यंतरात विद्यार्थ्याच्या संकोचाकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटली हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

हिंदुस्थानातील इंग्रजी शिक्षणाचा पाया १८३५ च्या सरकारी ठरावाने घातला गेला आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाल्यावर त्यास परीक्षेची चौकट प्राप्त झाली. ही चौकट मुख्यतः लेखी होती. महाराष्ट्रात इंग्रजी शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजीचे मराठी करीत जाणे हा त्या अभ्यासाचा क्रम होता. ह्या पद्धतीला नंतरच्या काळात पुष्कळ नावे ठेवण्यात आली. परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिच्यात एक सोय होती. तो पाटीवर किंवा वहीत एकटा चुकत असे, आणि चूक दुरुस्त झाल्यावर ती पुसून टाकता येत असे. चारचौघांत तोंड उघडण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार सुरू झाला. मातृभाषा वर्ज्य करून वस्तू व क्रिया यांच्याशी इंग्रजी शब्दांचा साक्षात संबंध जोडावा, असे तिचे म्हणणे होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले पी. सी. रेन हे तिचे एक पुरस्कर्ते होते. त्याच रेन यांचे नाव पुढे मार्टिन यांच्यासह एका व्याकरणग्रंथावर आले, आणि हिंदी शाळांत घरोघरी झाले ते ह्या व्याकरणामुळे. प्रत्यक्ष पद्धतीवरील त्यांचे लेखन मात्र विस्मृतीत गेले. शाळांनी व विद्यार्थ्यांनी कशाची निवड केली ह्याचा हा एक बोलका दाखला आहे.

बोलण्याला अग्रस्थान द्यावे काय, हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मायकेल वेस्ट यांनी उपस्थित केला. ते डाक्का येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्वैभाषिकतेविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजीची निकड प्रथम वाचनासाठी आहे, बोलण्यासाठी नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. विम्याचे हप्ते मध्येच थांबविणाऱ्यास काही रक्कम परत मिळते. तद्वत शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाच्या पदरात शिकलेल्या भाषेतून काही उपयोगाचे पडले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. वाचनाची थोडी शक्तीही उपयोगी पडते. संभाषणाची अर्धवट शक्ती मात्र संभाषण करावयास कोणी नसेल तर निरुपयोगी ठरते. वेस्ट यांच्या मताशी सहमत होवो वा न होवो, विद्यार्थ्याच्या आयुष्याकडे पाहून पद्धती ठरवावी हा विचार त्यांनी मांडला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात रचनाप्रधान पद्धतीने ह्या सर्वांना मागे सारले. इंग्रजीतील वाक्यरचनांचा सोप्याकडून कठिणाकडे असा क्रम लावावयाचा, प्रत्येक रचना एखाद्या प्रसंगाच्या आधारे मांडावयाची आणि ती वर्गाकडून तोंडी घोकून घ्यावयाची, असा तिचा विधी होता. हैदराबाद येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश (१९५८) आणि बंगलोर येथील रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश (१९६३) ह्या संस्था शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी निघाल्या तो काळ ह्याच पद्धतीच्या भराचा होय. वर्गात आवाज पुष्कळ होऊ लागला. परंतु तो सामुदायिक आवाज होता. त्या आवाजात एकट्या विद्यार्थ्याचे काही म्हणणे नसे, आणि म्हणून त्यात त्याची लाजही नसे. शाळेबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला घोकलेली वाक्ये येत, पण स्वतःचे वाक्य रचता येत नसे, अशी तक्रार १९७० नंतरच्या दशकात सार्वत्रिक झाली.

२. बंगलोरचा प्रयोग

ह्या असमाधानातून १९७९ साली एन. एस. प्रभू यांनी बंगलोरच्या रीजनल इन्स्टिट्यूटच्या आश्रयाने एक प्रयोग आरंभिला. प्रभू त्या वेळी मद्रास येथे ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत होते. १९७९ ते १९८४ ह्या पाच वर्षांत बंगलोर, मद्रास व कडलूर येथील शाळांतील आठ वर्गांवर हे अध्यापन एक ते तीन वर्षेपर्यंत चालले. वर्ग सामान्य शाळांचे होते. एकेका वर्गात तीस-चाळीस आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक मुले होती. साधने म्हणजे फळा, खडू, कागद व पेन्सिल एवढीच. ह्या प्रयोगाचे समग्र विवेचन प्रभूंनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेकंड लँग्वेज पेडगॉजी' ह्या ग्रंथात केले आहे.

प्रयोगामागील गृहीत असे होते की भाषेचे रूप शिकणे हे अर्थाकडे लक्ष असताना उत्तम साधते. म्हणून अभ्यासक्रमात व्याकरणाच्या घटकांची यादी नव्हती; कार्यांची यादी होती. घराचा आराखडा, गावाचा नकाशा, गाड्यांचे वेळापत्रक, दिनदर्शिका, शाळेचे तासिकापत्रक, कुटुंबातील नातेसंबंध असे विषय घेऊन प्रश्न रचले जात. प्रत्येक पाठाचे दोन भाग असत. प्रथम पूर्वकार्य : शिक्षक सर्व वर्गासमोर प्रश्नोत्तररूपाने एक कार्य सोडवीत असे. त्यानंतर मुख्य कार्य : तशाच जातीचा दुसरा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः सोडवावयाचा, बहुधा कागदावर. पूर्वकार्याच्या वेळी शिक्षक नैसर्गिक इंग्रजीत बोले; विद्यार्थ्याला कळले नाही तर वाक्य बदलून सांगे. विद्यार्थ्याने एका शब्दात उत्तर दिले तरी चाले, आणि मातृभाषेत दिले तरी ते उत्तर नाकारले जात नसे. चूक झाली तर शिक्षक सहजगत्या शुद्ध रूप उच्चारून पुढे जाई. चुकीवर थांबून तिचे विवरण करणे टाळले जाई.

कार्यांचे प्रभूंनी तीन प्रकार केले. एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्यास कळविणे हा पहिला, दिलेल्या माहितीवरून अनुमानाने नवी माहिती काढणे हा दुसरा, आणि एखाद्या परिस्थितीविषयी स्वतःचे मत किंवा भावना व्यक्त करणे हा तिसरा. ह्यांपैकी दुसऱ्या प्रकारास प्रयोगात प्राधान्य मिळाले. त्याचे कारण विद्यार्थ्यांच्या वृत्तीशी निगडित होते. अनुमानाच्या प्रश्नाला बरोबर वा चूक असे उत्तर असते; ते गणितासारखे बुद्धीला आव्हान देते आणि उत्तर जमल्याचे समाधान विद्यार्थ्यास ताबडतोब लाभते. माहिती कळविण्याचे कार्य एका पायरीत संपते. मत देण्याच्या कार्यात काय उत्तर अपेक्षित आहे हे निश्चित नसल्यामुळे भाषेत कच्चा असलेला विद्यार्थी गांगरून जातो.

ह्या निवडीचे मर्म समजून घेणे अगत्याचे आहे. नंतरच्या काळातील संभाषणवर्गांत माहितीची देवघेव आणि मतांची देवघेव ही दोन कार्ये सर्वाधिक प्रचलित झाली; मूळ प्रयोगात नेमकी तीच दुय्यम ठरविण्यात आली होती.

३. मौनाला दिलेली जागा

बंगलोर प्रयोगाचे आणखी एक वैशिष्ट्य आजच्या वाचकास चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. त्यात गटकार्य नव्हते. शेजारच्या मुलाची मदत घेण्यास मज्जाव नव्हता. ज्याला हवी त्याने ती घ्यावी. परंतु वर्गाचे गट पाडून विद्यार्थ्यांना परस्परांशी इंग्रजीत बोलावयास लावणे हे कार्यक्रमाचे अंग नव्हते. ह्याची कारणे दोन प्रकारची होती. एक भाषाशास्त्रीय : सारख्याच अपुऱ्या ज्ञानाची मुले एकमेकांशी बोलू लागली तर त्यांची सदोष रूपे परस्परांच्या आधाराने पक्की होतील व एक मोडकी मिश्रभाषा वर्गात रुजेल. दुसरे मानसिक : शिक्षकापुढे चुकणे हे विद्यार्थिदशेचे स्वाभाविक अंग समजले जाते, सहाध्यायापुढे चुकणे मात्र मुलाला कमीपणाचे वाटते. सबब आपली मदत कोणाकडून घ्यावी व एकट्याने काम करावे की दुसऱ्यासह, हे विद्यार्थ्यावर सोपविण्यात आले.

यशाची कसोटीही ह्याच दृष्टीने ठरविली होती. वर्गातील निदान निम्म्या मुलांना कार्याचा निदान निम्मा भाग साधला पाहिजे, असा नियम होता. तसे न घडल्यास पुढचे कार्य सोपे करावयाचे. सर्वांना सर्व साधले तर कठीण करावयाचे. हा नियम वरवर अडचणीच्या मोजमापाचा दिसतो, पण त्यात अभिवृत्तीचेही मोजमाप दडलेले आहे. विद्यार्थ्याला कार्य पेलते असे वाटले तरच तो त्यात मन घालील. फार सोपे वाटले तर त्याला त्याची किंमत राहणार नाही. विद्यार्थ्यांस काय वाटते हे प्रश्नावलीने न विचारता त्यांच्या कागदावरील उत्तरांतून दररोज ताडून पाहण्याची ही रीत होती.

तेव्हा असे म्हणता येईल की मूळ प्रयोगात विद्यार्थ्याची अभिवृत्ती हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय नव्हता. तो रचनेचा एक आधार होता. संकोच आहे हे गृहीत धरून, तो दूर करण्याची खटपट न करता, संकोचासह शिकता येईल असा वर्ग उभारलेला होता. बोलणे हे शिकण्याचे फळ म्हणून यथावकाश येईल, ते शिकण्याचे साधन म्हणून आरंभीच मागू नये, अशी ह्या रचनेमागील श्रद्धा होती.

४. मूल्यमापन आणि त्यातील उणीव

प्रयोगाच्या अखेरीस त्याचे मूल्यमापन ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी केले व ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगातील वर्ग आणि रचनाप्रधान पद्धतीने शिकलेले त्याच शाळांतील वर्ग यांना अनेक प्रकारच्या चाचण्या देण्यात आल्या : वाक्यरचना, संदर्भातील व्याकरण, श्रुतलेखन, आकलन व कार्य. रचनेच्या चाचणीत रचनाप्रधान वर्गांची आणि कार्याच्या चाचणीत प्रयोगातील वर्गांची बाजू वरचढ ठरली. दोन्ही पद्धतींना समान अशा चाचण्यांतून प्रयोगाच्या बाजूने काही अनुकूल पुरावा मिळाला. जे शिकविले ते आले, एवढाच ह्याचा अर्थ काही टीकाकारांनी लावला. तुलनेचे वर्ग यदृच्छेने निवडलेले नव्हते, ही मर्यादा मूल्यमापनकारांनी स्वतःच दाखवून दिली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टींची नोंद केली पाहिजे. ह्या चाचण्यांत विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र भाषणाची चाचणी नव्हती. त्याचप्रमाणे विद्यार्थ्यांना ह्या अध्यापनाविषयी काय वाटले, हा मोजण्याचा विषय नव्हता. म्हणून जी पद्धती पुढे जगभर संभाषणवर्गात गेली तिच्या मूळ प्रयोगात बोलण्यासंबंधी आणि विद्यार्थ्यांच्या मतासंबंधी मोजलेला असा पुरावा जवळजवळ नाही.

शिक्षकांविषयी मात्र पुरावा आहे. बेरेटा यांनी १९९० मध्ये प्रयोगात भाग घेतलेल्या शिक्षकांच्या निवेदनांवरून दाखविले की ज्यांनी पद्धती पूर्णपणे आत्मसात केली ते बहुतांशी शिक्षक-प्रशिक्षक होते. शाळेतील नेहमीच्या शिक्षकांना ती पुरतेपणी पेलली नाही. ह्याचे कारण त्यांच्या इंग्रजीतील आत्मविश्वासाशी जोडले गेले. मुलांच्या उत्तराप्रमाणे क्षणोक्षणी इंग्रजी वाक्य वळविता येणे ही ह्या पद्धतीची पूर्वअट आहे. बोलण्याचा संकोच एकट्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेला नव्हता. तो शिक्षकाच्याही बाजूस होता. विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीचे विवेचन करताना ही गोष्ट सामान्यतः दृष्टीआड होते.

५. संभाषणवर्गाकडे स्थित्यंतर

बंगलोरचा प्रयोग चालू असताना आणि त्यानंतर लगेच पाश्चात्य विद्यापीठांत कार्याच्या कल्पनेला निराळे सैद्धान्तिक अधिष्ठान मिळाले. मायकेल लाँग यांनी १९८५ च्या सुमारास असे मांडले की दोन व्यक्ती अर्थ स्पष्ट करण्यासाठी परस्परांना अडवितात, पुन्हा विचारतात, वाक्य बदलतात, त्या देवघेवीतच भाषा संपादन होते. ह्या मतानुसार विद्यार्थ्याचे बोलणे हे फळ न राहता कारण बनले. साहजिकच जोडीकार्य व गटकार्य ह्यांना महत्त्व आले. जेन विलिस यांच्या १९९६ च्या ग्रंथाने शिक्षकांच्या हाती सुटसुटीत पाठक्रम दिला : पूर्वकार्य, जोडीने कार्य, त्याच्या वृत्तान्ताची तयारी, वर्गापुढे वृत्तान्त, आणि सर्वांत शेवटी भाषारूपांकडे लक्ष. पीटर स्केहन (१९९८) व रॉड एलिस (२००३) यांच्या ग्रंथांनी ह्या विचाराला व्यवस्थित शास्त्राचे रूप दिले. बोलण्यातील ओघ, अचूकता आणि गुंतागुंत ही तीन परिमाणे मानून, बोलण्यापूर्वी तयारीस वेळ दिल्यास कोणत्या परिमाणात वाढ होते हे मोजले जाऊ लागले. दहा मिनिटांची तयारी मिळालेला विद्यार्थी अधिक ओघाने व अधिक संमिश्र वाक्यांत बोलतो, असे पॉलीन फॉस्टर व स्केहन यांच्या १९९६ च्या प्रयोगात आढळले.

हा सर्व विकास मौलिक आहे. परंतु तो ज्या परिस्थितीत घडला ती परिस्थिती आशियातील वर्गापेक्षा वेगळी होती. लंडनमध्ये शिकणाऱ्या इटालियन व जपानी विद्यार्थ्यांना परस्परांशी बोलण्यासाठी इंग्रजीवाचून गत्यंतर नसते. एकाच मातृभाषेच्या साठ मुलांच्या वर्गात दोन मित्रांनी एकमेकांशी इंग्रजीत बोलणे हे एक नाटक असते, आणि ते नाटक आहे हे दोघांनाही ठाऊक असते. हाँगकाँगच्या प्राथमिक शाळांत १९९० नंतरच्या दशकात कार्याधिष्ठित अभ्यासक्रम आला तेव्हा गोंगाट, शिस्त आणि कँटनी भाषेचा वापर ह्या शिक्षकांच्या मुख्य चिंता झाल्याचे डेव्हिड कार्लेस यांनी नोंदविले आहे. कार्यात मन रमल्यामुळेच मुले मातृभाषेकडे वळतात, ही त्यांची नोंद मार्मिक आहे. चीनच्या २००१ च्या इंग्रजी अभ्यासक्रमानेही कार्याधिष्ठित अध्यापनाचा पुरस्कार केला, आणि तेथेही परीक्षा व मोठे वर्ग ह्यांच्याशी त्याचा झगडा झाला.

येथे एक हिशेब पुरेसा बोलका आहे. पस्तीस मिनिटांचा तास आणि पन्नास विद्यार्थी असतील तर, शिक्षक एक अक्षरही न बोलल्यास, प्रत्येकाच्या वाट्याला बेचाळीस सेकंद येतात. गट पाडले की हा वाटा वाढतो, पण ऐकणारा व सुधारणारा शिक्षक नाहीसा होतो. प्रभूंनी पहिली अडचण पत्करली, नंतरच्यांनी दुसरी. विद्यार्थ्यांच्या तक्रारी ह्या दोन अडचणींभोवतीच फिरत आलेल्या आहेत.

६. विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा

विद्यार्थ्यांना त्यांचे मन विचारण्याची परंपरा कार्याधिष्ठित पद्धतीहून जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. कॅनडातील गार्डनर व लँबर्ट यांनी असे मांडले होते की परभाषिक समाजाशी एकरूप होण्याची इच्छा ही भाषा शिकण्याची प्रबळ प्रेरणा होय. यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतील साठ मराठीभाषी शाळकरी मुलींचा अभ्यास करून १९७२ मध्ये ह्याच्या उलट निष्कर्ष प्रसिद्ध केला. ह्या मुलींना इंग्रजी भाषिकांसारखे व्हावयाचे नव्हते. इंग्रजी त्यांना व्यवहारात पुढे जाण्याचे साधन म्हणून हवी होती, आणि ज्यांची ही साधनात्मक प्रेरणा प्रबळ होती त्यांचे इंग्रजीही अधिक चांगले होते.

ह्या निष्कर्षाचा कार्याधिष्ठित अध्यापनाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. साधन म्हणून भाषा शिकणारा विद्यार्थी प्रत्येक तासाचा हिशेब मनात ठेवतो. आज काय मिळाले, परीक्षेत वा मुलाखतीत त्याचा काय उपयोग, असे तो स्वतःला विचारतो. नियम शिकविला तर वहीत काही उरते. कार्य करून घेतले तर तास मजेत जातो, पण वही कोरी राहते. वेस्ट यांनी विम्याच्या दृष्टान्ताने जे सांगितले होते तेच विद्यार्थी आपल्या परीने बोलत असतो.

१९८६ मध्ये एलेन हॉर्विट्झ व त्यांचे सहकारी यांनी परभाषेच्या वर्गातील धास्तीचे मोजमाप करणारी तेहतीस विधानांची श्रेणी प्रसिद्ध केली. ह्या धास्तीचा उगम मुख्यतः बोलण्याच्या प्रसंगात आहे, हे त्यामुळे सर्वमान्य झाले. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रौढ स्थलांतरितांविषयी केन विलिंग यांची पाहणी आणि तिच्या आधारे डेव्हिड न्यूनन यांनी केलेली तुलना प्रसिद्ध झाली. संभाषणाचा सराव हवा ह्याविषयी शिक्षक व विद्यार्थी यांचे एकमत होते. परंतु शिक्षकांना जोडीकार्य अतिशय मोलाचे वाटत होते, विद्यार्थ्यांना तितके नव्हते. उलट चुका सुधारून मिळणे विद्यार्थ्यांना अतिशय मोलाचे वाटत होते, शिक्षकांना नव्हते. ही तुलना फार उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांना बोलणे नको होते असे नाही. सुधारणारा श्रोता नसलेले बोलणे त्यांना कमी किमतीचे वाटत होते. बंगलोर प्रयोगात सहाध्यायाऐवजी शिक्षक का ठेवला गेला ह्याचे समर्थन दूरच्या एका देशातून, अजाणता, असे मिळाले.

बी. कुमारवडिवेलु यांनी १९९१ मध्ये दाखविले की शिक्षकाने योजिलेले कार्य आणि विद्यार्थ्याने समजून घेतलेले कार्य ही पुष्कळदा दोन वेगळी कार्ये असतात. शिक्षक चर्चेची अपेक्षा करतो, विद्यार्थी उत्तर शोधून मोकळा होतो. थायलंडमधील चिआंग माइ विद्यापीठातील कार्याधिष्ठित अभ्यासक्रमाविषयी किम मॅकडोना व वानपेन चाइकितमोंगकोल यांनी २००७ मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात कालाचे परिमाण आहे, म्हणून ते विशेष उपयुक्त आहे. आरंभी विद्यार्थ्यांना व्याकरणाचे अध्यापन कमी झाल्याची चिंता वाटली. सत्र पुढे सरकले तसे स्वतः शिकण्याची सवय लागल्याचे व अभ्यासक्रम उपयोगी असल्याचे त्यांनी सांगितले. आरंभीच्या आक्षेपांची दखल घेऊन अभ्यासक्रमात फेरफारही करण्यात आले होते. तेव्हा अभिवृत्ती ही स्थिर वस्तू नसून अध्यापनाबरोबर घडत जाणारी गोष्ट आहे, आणि सत्राच्या शेवटी एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली तिचे अर्धेच चित्र देते.

ह्या सर्व पुराव्यावरून अभिवृत्ती ह्या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात असे दिसते. पहिली आवड : तास बरा वाटला की नाही. दुसरी श्रद्धा : अशा तासाने इंग्रजी येईल असे वाटते की नाही. तिसरी धजावणे : प्रत्यक्ष तोंड उघडले जाते की नाही. प्रश्नावलीतील अनुकूल उत्तरे मुख्यतः आवडीची असतात. घोकंपट्टीच्या तासाच्या मानाने कार्याचा तास कोणाला आवडणार नाही? परंतु आवड असून श्रद्धा नसणे, आणि दोन्ही असून धजावणे नसणे, हे सहज संभवनीय आहे. आरंभी उल्लेखिलेली विसंगती ह्या तीन गोष्टींची गल्लत केल्यामुळे निर्माण होते.

७. मराठी माध्यमाचा विद्यार्थी

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हा शाळेत आलेली मुले केव्हाच महाविद्यालयांतून बाहेर पडली आहेत. त्यांच्या वाट्याला इंग्रजीची वर्षे अधिक आली, पण संभाषणवर्गात मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची स्थिती मूलतः बदलली असे म्हणवत नाही. त्याच्या शेजारी इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी बसलेला असतो. दोघांना एकाच जोडीत घालून 'मत द्या' असे कार्य दिले की एकजण बोलतो व दुसरा मान डोलावतो. येथे चूक ही भाषेची चूक राहत नाही. शाळा, गाव व घर ह्यांची ओळख तिच्यातून उघड होते, असे बोलणाऱ्याला वाटते. गप्प राहणे हा त्यावरील त्याचा उपाय असतो. हे मौन 'प्रतिकूल अभिवृत्ती' ह्या सदरात नोंदले गेले तर त्याचे कारण हाती लागत नाही, आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या पदरात पडतो.

बंगलोर प्रयोगाचा इतिहास ह्या ठिकाणी उपयोगी पडतो. त्यातील प्रत्येक निर्णय आज जसाच्या तसा उचलावा असे नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बोलणे लांबणीवर टाकता येते. नोकरीच्या मुलाखतीस जावयाच्या पदवीधराला ते परवडत नाही. त्याने बोलावयास शिकलेच पाहिजे. परंतु मताच्या कार्यापूर्वी अनुमानाचे कार्य ठेवणे, बोलण्यापूर्वी तयारीस वेळ देणे, एका शब्दाचे व प्रसंगी मराठीतील उत्तरही उत्तर म्हणून स्वीकारणे, जोडीदार निवडण्याची मुभा ठेवणे, आणि कार्यानंतर शिक्षकाने चुका सुधारून वहीत उतरता येईल असे काही देणे, ह्या गोष्टी कोणत्याही वर्गात शक्य आहेत. ह्यांतील बहुतेकांचा उगम मूळ प्रयोगात किंवा त्यानंतरच्या संशोधनात सापडतो. त्यांना नव्या साधनांची गरज नाही. विद्यार्थ्याची नाखुषी गांभीर्याने ऐकण्याची मात्र आहे.

उपसंहार

सारांश असा की कार्याधिष्ठित पद्धतीच्या इतिहासात विद्यार्थ्याच्या अभिवृत्तीने तीन स्थाने पाहिली. बंगलोरच्या प्रयोगात ती पद्धतीच्या रचनेचा आधार होती. तिच्याकडे पाहून कार्ये निवडली गेली व गटकार्य टाळले गेले. पद्धती संभाषणवर्गात आल्यावर ती अडथळा मानली जाऊ लागली व तो कसा दूर करावा ह्याची चर्चा सुरू झाली. त्यानंतर ती मोजमापाची वस्तू झाली आणि टक्केवारीत मांडली गेली. पहिल्या स्थानी विद्यार्थ्याला कोणी मत विचारले नव्हते, पण त्याच्या मनाची दखल घेतली गेली होती. तिसऱ्या स्थानी मत विचारले जाते, पण त्यावरून वर्गात काही बदलतेच असे नाही. विचारणे आणि दखल घेणे ह्या दोहोंचा मेळ घालणे हे पुढील संशोधनाचे काम आहे. त्यासाठी एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीऐवजी वर्षभर चालणाऱ्या वर्गनिरीक्षणाची, आणि आवड, श्रद्धा व धजावणे यांची वेगवेगळी नोंद ठेवणाऱ्या अभ्यासाची आवश्यकता आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचे वर्ग अशा अभ्यासासाठी सर्वत्र उपलब्ध आहेत, आणि त्याचा पहिला लाभही त्याच विद्यार्थ्यांना होणार आहे.